कसेल तिची जमीन

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षांचा महाराष्ट्राला अनुभव आहे. १९७५ साली आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झाले. मेक्सिकोत जागतिक परिषद भरली, त्याच वर्षी आपल्याकडे पुण्यास स्त्रीमुक्तीची परिषद झाली आणि त्यातून एक चळवळ उभी राहिली, हे कोणी नाकारणार नाही. परंतु ठराव करणे सोपे असते आणि फेरफार करून घेणे कठीण असते. म्हणून या नव्या वर्षाच्या निमित्ताने नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता एकच प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. महिला शेतकरी म्हणजे कोण, आणि ती शेतकरी असल्याचा कागद कोणाच्या पेटीत आहे?

सरकारदरबारी शेतकरी म्हणजे ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे तो. पीककर्ज त्याला, अतिवृष्टीचे अनुदान त्याला, २०१९ पासून सुरू झालेले केंद्राचे वर्षाचे सहा हजार रुपये त्याला. जमीन कसणारा आणि जमीन नावावर असणारा हे दोन निराळे इसम असू शकतात ही गोष्ट कसणारी बाई असली की कोणाच्या ध्यानातही येत नाही. २०२२-२३ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ७६ शेतीत आहेत. पुरुषांमध्ये हेच प्रमाण ४९ च्या आसपास आहे. आता दुसरा आकडा पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहिती खाती सुमारे १४ टक्के भरली आणि त्यांखालचे क्षेत्र १२ टक्क्यांच्याही आत. म्हणजे पुरुष शेतीतून बाहेर पडत आहे, शहराकडे जात आहे, पुण्या-मुंबईत अगर हैद्राबादेत मजुरी करीत आहे, आणि शेती बाईच्या अंगावर पडत आहे. जमीन मात्र जाणाऱ्याच्या नावावर राहिली आहे.

लातूर जिल्ह्यातील सोयाबीन आणि तूर, नांदेडकडील कापूस आणि हळद यांचा हिशेब मांडला तर बाईच्या हाताखालून न गेलेले एकही पीक निघणार नाही. खुरपणी तिची, वेचणी तिची, निवडणे-पाखडणे तिचे. पूर्वी तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणारी तीच होती. नांगराला तिने हात लावू नये असा एक संकेत होता आणि नांगर धरीत नाही म्हणून ती शेतकरी नाही, असा युक्तिवादही त्या संकेताच्या आधाराने होत असे. आता नांगरट ट्रॅक्टर करतो. ट्रॅक्टरमुळे गड्याचे काम गेले, बाईचे राहिले, तरीही शेतकरी तोच.

लातूर-धाराशिवकडची येळवस हा मराठवाड्यातील शेतकऱ्याचा सर्वांत जिवाभावाचा सण. मार्गशीर्ष अमावास्येला शहरे ओस पडतात आणि माणसे रानात जातात. कडब्याच्या कोपीत पांडव मांडले जातात, काळ्या आईची पूजा होते. त्यासाठी आदल्या रात्रभर बाया आंबील आणि भज्जी करीत जागतात आणि सकाळी डोक्यावर पाट्या घेऊन शेतावर येतात. जमिनीला आपण आई म्हणतो, तिला लक्ष्मी म्हणतो. ज्या रानात ही पूजा चालते त्या रानाच्या उताऱ्यावर पूजा करणारीचे नाव शोधून पाहावे.

एक सरकारी कागद असा होता की ज्यावर मराठवाड्यातील गरीब बाईचे नाव तिच्या स्वतःच्या हक्काने लागले. तो कागद म्हणजे रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आणि नालाबांध घालायला लक्षावधी स्त्रिया बाहेर पडल्या. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. मस्टरवर नाव लागले ते तिने प्रत्यक्ष काम केले म्हणून. ती कोणाची बायको अगर मुलगी आहे हे तेथे कोणी विचारले नाही. तिच्या श्रमाला स्वतंत्र नाव देता येते, एवढे त्या मस्टरने सिद्ध केले. सातबाऱ्याला ते अजून साधलेले नाही.

येथे आपल्या घोषणांचाही विचार केला पाहिजे. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा देत मराठवाड्यातील कुळे उभी राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, जहागिरी गेल्या, १९५० साली हैद्राबादचा कुळकायदा झाला आणि संरक्षित कुळांच्या याद्या तयार झाल्या. ज्या जमिनी खरोखर कुळांकडे आल्या त्यांवर नावे लागली ती घरच्या कर्त्या पुरुषाची. घोषणेत ‘त्याची’ असा शब्द होता आणि महसूल खात्याने तो अक्षरशः घेतला! मराठीत पुल्लिंगी शब्द सर्वांसाठी वापरतात असे यावर कोणी व्याकरणाने सांगेल. व्याकरणात ते खरे असेलही. तहसील कचेरीत ते खरे ठरले नाही.

कायद्याचे काय झाले हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण कार्यकर्त्यांमध्येही याविषयी पुष्कळ घोटाळा आहे. हिंदू संहिता विधेयकासाठी बाबासाहेब आंबेडकर झगडले आणि ते रखडविले गेल्याच्या विषादात १९५१ साली मंत्रिपदाबाहेर पडले. पुढे १९५६ साली वारसा कायदा आला तो कापून-छाटून. वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मतःच सहहिस्सेदार राहिला. मुलीला वाटा मिळाला तो केवळ बापाच्या वाट्यातला. बारा एकरांचे उदाहरण घ्या. आई हयात नाही, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. बाप वारला तर त्याचा आणि दोन मुलांचा मिळून प्रत्येकी चार एकरांचा हिस्सा धरायचा, आणि बापाच्या चार एकरांचे तीन भाग करायचे. मुलाला पाच एकर तेरा गुंठे, मुलीला एक एकर तेरा गुंठे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मोठ्या सामाजिक कायद्याने काढलेले हे समतेचे माप!

शेजारच्या आंध्र प्रदेशाने १९८६ साली दुरुस्ती करून अविवाहित मुलीला मुलाबरोबर सहहिस्सेदार केले. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांच्या सोयरिकी सीमेपलीकडे आहेत. एकाच गोतावळ्यातील पलीकडच्या मुलीला जो हक्क मिळाला तो अलीकडच्या मुलीला मिळण्यास आणखी आठ वर्षे लागली. महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ साली झाली, आणि त्यातही त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या साऱ्याजणी वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली, लग्न झालेले असो वा नसो. तरीही बाप त्या तारखेस जिवंत होता की नव्हता यावर न्यायालयांत पंधरा वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटविला. हक्क जन्माने आहे, बापाच्या मृत्यूची तारीख गैरलागू आहे. आज त्या बारा एकरांत मुलीचा वाटा चार एकर आहे, भावाइतकाच.

आणि तरीही तो तिला मिळत नाही. का मिळत नाही, हे पाहण्यासाठी दिल्लीस जावे लागत नाही.

बाप वारला की तेराव्याचे जेवण उरकते न उरकते तोच घरात कागदाची भाषा सुरू होते. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. (तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, दप्तर तेच आहे.) त्या प्रतिज्ञापत्रात मुलींची नावेच लिहायची नाहीत, ही झाली राजरोस खोटेपणाची वाट, आणि गावात सर्वांना ठाऊक असूनही तीवर हरकत येत नाही. कोठे थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागते. उताऱ्यावर नावाच्या पुढे ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे असतात, पुढे ती कोणी वाचीनासे होते आणि तो एकटाच मालक ठरतो. कोठे बहिणींची नावे लागतात ती ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीतील पाळीच्या आणि सोसायटीच्या बोजाच्या शेजारी. मागच्या तारखांची वाटणीपत्रे निघतात तीही याच वेळी. २००५ च्या कायद्याने मुलीचा हक्क डावलणारी वाटणी २० डिसेंबर २००४ पूर्वीची, आणि नोंदणीकृत अगर न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली असली पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे; साध्या कागदावरील वाटणीने बहिणीचा हक्क जात नाही, हे किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

सर्वांत प्रतिष्ठित वाट हक्कसोडपत्राची. त्यात बेकायदेशीर काही नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी गाडीत घालून तालुक्याच्या दुय्यम निबंधक कचेरीत नेतात. तेथे तिचे छायाचित्र निघते, यंत्रावर अंगठा उमटतो. ‘मी माझ्या राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता’ असे दस्तात लिहिलेले असते आणि ते तिला कोणी वाचून दाखवीत नाही. सायंकाळी साडीचोळी होते. महिन्याभरात फेरफार मंजूर होऊन नाव कमी होते. तिने विचार करावा म्हणून एक दिवसही मध्ये ठेवलेला नसतो. तिचा नवरा अगर सासरा बरोबर असलाच तर तोही गप्प असतो, कारण त्याच्याही घरी बहिणी असतात.

या प्रथेच्या समर्थनार्थ जे सांगितले जाते ते आपण सर्वांनी ऐकले आहे. लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे ही बाब सोडून देऊ; पण तो हुंडा मुलीच्या हाती कधी आला? तो व्याह्याच्या घरी गेला आणि तेथे तिच्या नणंदेच्या लग्नात पुढे सरकला. एका गुन्ह्याची रक्कम दुसऱ्या अन्यायाची पावती म्हणून दाखविली जाते, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे म्हणणे असे की मुलींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे पडतात. चार भावांत बारा एकरांचे तीन-तीन एकर होतात तेव्हा तुकडेबंदी कोणाला आठवत नाही. पाचवा वाटा बहिणीचा निघाला की मात्र शेतीच्या अर्थशास्त्राची चिंता वाटू लागते. तिसरे कारण माहेर तुटेल हे, आणि ते खोटे नाही. वाटा मागितलेल्या बहिणीला पंचमीचे बोलावणे येत नाही. पण मग जो जिव्हाळा चार एकरांच्या किमतीला विकत घ्यावा लागतो त्याविषयी बहिणीलाच का दोष द्यायचा?

ज्या भावाकडे दीड एकर कोरडवाहू आहे आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याची बहीण खरोखरच मनापासून हक्क सोडते, असेही घडते. तिच्या त्या भावनेचा आम्ही अवमान करीत नाही. परंतु मोठ्या बागायतदाराच्या घरीही हक्कसोड तितक्याच बिनदिक्कत होते, किंबहुना अधिक. तेव्हा दारिद्र्य हे या प्रथेचे कारण नव्हे.

हा प्रश्न केवळ मानाचा असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. हिंदू कायद्यात पत्नीला नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीवर मालकी नाही. नवऱ्याने टाकले तर तिला पोटगीचा दावा करता येतो, जमीन मागता येत नाही. संगमनेरला १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आला. ती स्त्री आजही प्रत्येक गावात आहे. ती माहेरी येते, भावाच्या शेतात राबते, भावजयीच्या हाताखाली राहते. ज्या जमिनीत ती मजूर म्हणून राबते तिच्यात तिचा तिसरा हिस्सा होता आणि तो तिने लग्नानंतर दोन-तीन वर्षांत, संसार सुखाचा चालेल अशा भरवशावर सोडून दिलेला असतो. बाई निराधार होते त्याच्या पुष्कळ आधी, निबंधक कचेरीतच, तिचा आधार काढून घेतला जातो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेची स्थिती फारशी निराळी नसते. सासरा हयात आणि जमीन त्याच्या नावे, म्हणून कचेरीत तिला हेलपाटे घालावे लागतात. आणि शेतीत हरलेल्या बाईनेच जीव दिला तर ती शेतकऱ्याची आत्महत्या म्हणून मोजली जात नाही, कारण तिच्या नावे जमीन नसते. पी. साईनाथ हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

पत्नीच्या बाजूने महाराष्ट्रात एक मोठा प्रयत्न झाला तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि त्यानंतरच्या वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली: शेतकऱ्याने आपल्या हाताने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यावा. खुल्या बाजारावरील जोशींची श्रद्धा समाजवाद्यांना कधी पटली नाही, पटण्याचे कारणही नाही. पण या एका बाबतीत त्यांनी आपल्या अनुयायांना जे करावयास लावले ते डाव्या पक्षांनी आपल्या अनुयायांकडे मागितलेही नव्हते, हे मान्य केले पाहिजे. १९९२ साली सरकारनेही पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर घेण्याचे परिपत्रक काढले. ते आजही उपयोगात आणता येते, पण तलाठ्याकडे ते मागणारा नवरा क्वचितच भेटतो. २०२४ पासून सरकार ‘लाडक्या बहिणी’ला दरमहा दीड हजार रुपये देऊ लागले. गरीब बाईच्या हाती पैसा येतो त्याला आमचा विरोध नाही. परंतु सरकारच्या बहिणीला दीड हजार आणि घरच्या बहिणीला हक्कसोड, अशी ही विभागणी आहे. सरकारी पैसा निवडणुकीच्या वाऱ्याने येतो-जातो, जमीन जात नाही.

हा केवळ मराठवाड्याचा मागासपणा आहे असे समजून शहरी वाचकाने निश्चिंत होऊ नये. फ्रान्ससारख्या देशात शेतकऱ्याच्या शेतात आयुष्यभर राबणारी पत्नी कागदोपत्री ‘व्यवसाय नाही’ अशी नोंदली जात असे. तिला शेतीतील सहकारी म्हणून कायदेशीर दर्जा १९९९ साली मिळाला. चीनच्या क्रांतीने १९५० च्या जमीनसुधारणेत स्त्रीला वाटा दिला ही इतिहासातील थोर घटना होय. पण जमीन पुन्हा कुटुंबांकडे कसण्यास दिली गेली तेव्हा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींचे वाटे माहेरच्या गावांनी काढून घेतले आणि सासरच्या गावांनी दिले नाहीत. हे वाचताना निलंग्याचा अगर कंधारचा माणूस दचकणार नाही. रुआंडाने १९९९ साली मुलींना वारसाहक्क दिला आणि २००९ नंतरच्या काही वर्षांत देशातील बहुतेक सारी जमीन मोजून पतिपत्नींच्या संयुक्त नावे लावली. मात्र ज्यांच्या विवाहाची नोंद नव्हती त्या बायका सुटल्या. नेपाळने स्त्रीच्या नावे जमीन नोंदविल्यास शुल्कात सवलत दिली आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिच्या नावे घर अगर जमीन आहे अशा स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. नेपाळमध्ये संस्कृती आपल्याहून फार वेगळी आहे असे कोणी म्हणणार नाही.

या सर्वांहून आपणांस जवळचे उदाहरण बोधगयेचे. जयप्रकाशांच्या छात्र-युवा संघर्ष वाहिनीने १९७८ पासून तेथील मठाच्या हजारो एकर जमिनीविरुद्ध लढा दिला. भूमिहीन बायका मोर्चात होत्या, तुरुंगात होत्या. जमीन मिळण्याची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, पट्टे आमच्या नावे हवेत. आधी आपल्याच पुरुषांशी आणि मग अधिकाऱ्यांशी त्यांना भांडावे लागले. कुटुंबप्रमुख पुरुषच असतो, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. अखेर काही गावांत पट्टे बायकांच्या नावे झाले. सहाव्या पंचवार्षिक योजनेनेही, म्हणजे १९८० पासूनच, सरकारी जमीन देताना पतिपत्नींच्या संयुक्त नावे द्यावी असे म्हटले होते. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून गायरानासाठी दलित स्त्रिया तुरुंगात गेल्या आहेत. गायरानावरील अतिक्रमणाची नोंद करण्याचा अर्ज देताना तो दोघांच्या नावाने द्यावयाचा, हे आपल्या हातात आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

किनवट आणि माहूरमध्ये मात्र कायदाच बदलावा लागेल. १९५६ चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. २००५ ची दुरुस्तीही म्हणून गोंड, कोलाम, आंध मुलीपर्यंत पोचत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला याचा विचार करण्यास सांगितले. जमातीची जमीन बाहेरच्याच्या हाती जाऊ नये ही आदिवासींची भीती रास्त आहे आणि त्यासाठी हस्तांतरणबंदी कडक ठेवता येते; मुलीला वगळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मुस्लिम मुलीला शरीयतप्रमाणे मुलाच्या निम्मा वाटा आहे, पण १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन मुळातच वगळलेली. नांदेडच्या खेड्यांतून मुस्लिम बहीणही हिंदू बहिणीसारखीच हक्कसोड करते. या एका बाबतीत सर्वधर्मसमभाव पूर्ण आहे.

आता कामाचे बोलू. २०२५ च्या एप्रिलपासून महसूल खात्याने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविली; मृतांची नावे काढून वारसांची लावली. कल्पना चांगली होती. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आता सांगावे की या मोहिमेत किती मुलींची नावे लागली, आणि त्यांपैकी किती पुढच्या वर्षभरात हक्कसोडपत्राने कमी झाली. दुय्यम निबंधकाने हक्कसोड नोंदविण्यापूर्वी बहिणीला एकटीला बोलावून तिच्या हिश्श्याचे क्षेत्र आणि सरकारी दराने त्याची किंमत वाचून दाखवावी, आणि अर्ज व नोंदणी यांत निदान तीन महिन्यांचे अंतर असावे, अशी आपली मागणी असली पाहिजे. आणि पक्षाच्या तालुका समितीवर येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरचा सातबारा समितीपुढे ठेवावा. त्यावर बहिणीचे आणि बायकोचे नाव आहे की नाही, नसेल तर का नाही, एवढे त्याने सांगावे. यावर काही जुने सहकारी रागावतील. रागावू द्यावे.

जिल्हाधिकारी आकडे देण्यास टाळाटाळ करतील. माहिती अधिकाराच्या अर्जास दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड, देगलूर आणि किनवट येथील समित्यांनी हे अर्ज येळवशीपूर्वी टाकावेत.